दारातली जुनी मारुती

आमचं शिरवणे म्हणजे नवी मुंबईतलं जुनं गावठाण. जुईनगर स्टेशन जवळ, सायन-पनवेलचा हमरस्ता उशाशी. गल्ल्या मात्र अशा, की समोरून रिक्षा आली तर एकाने मागे सरावं. तिथेच आमची २००४ सालची मारुती ८०० उभी असते. अंगावर धूळ, दाराला गंज, बॉनेटवर शेजारचं मांजर. हे मॉडेल कंपनीने २०१४ मध्ये बंद केलं. आमचीचं १५ वर्षांनंतर दोनदा पासिंग झालं. "वहिनी, भंगारात द्या आता," असं जो तो सुचवतो. ह्यांनी तर भंगारवाल्याला यायला सांगूनही ठेवलं होतं!

गणपतीआधी पेणला मूर्ती आणायला निघालो, तर मुलाची नवी लांबलचक गाडी गल्लीत टेम्पोमागे अडकलेली. मग मीच जुनीची किल्ली घेतली. दुसऱ्या सेल्फला ते ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन खडखडत सुरू झालं. (दर आठवड्याला एक फेरी मारते मी, म्हणून बॅटरी उतरत नाही. तुम्हीही करून पाहा.) पळस्पे फाटा, कर्नाळ्याची खिंड, खारपाड्याचा पूल. पाऊस असा की वायपर कुरकुरायला लागले. गाडी मात्र एकदाही रुसली नाही. येताना मागच्या सीटवर सासूबाई, मांडीवर गणपतीबाप्पा!

घरी आल्यावर ह्यांनी भंगारवाल्याला फोन लावला. "तूर्त नको," एवढंच म्हणाले, आणि बादली-फडकं घेऊन बाहेर गेले.