ईस्ट हॅमचा कानो

लंडनमध्ये नव्याने उतरलेल्या देशी इंजिनियरला त्याचा पहिला पत्ता विचारा, ईस्ट हॅमचं नाव निघण्याची शक्यता बरीच. कारण सरळ आहे. खोली त्यातल्या त्यात परवडते, डिस्ट्रिक्ट लाइन थेट शहरात नेऊन सोडते, हाय स्ट्रीट नॉर्थवर डोसा मिळतो आणि देऊळ चालत जाण्याच्या अंतरावर. २००५ साली मीही काही महिने तिथे पेइंग गेस्ट होतो. घरमालकीणबाई किल्लीबरोबर एक सूचनाही देत: कोपऱ्यावर हुडी घातलेली पोरं दिसली की पलीकडच्या फुटपाथवरून जायचं.

तर मंडळी, आजचा विषय त्याच वस्तीतला एक पोरगा. नाव केन रॉबिन्सन, जन्म १९८५, घराणं मूळ जमैकाचं. लहानपणी फुटबॉल चांगला खेळायचा, पण पुढे माइक हातात घेतला आणि 'कानो' झाला.

तो जे गातो त्याला ग्राइम म्हणतात. हा अमेरिकन रॅपचा चुलतभाऊ म्हणा, पण जन्म पूर्व लंडनचा, साधारण २००० नंतरचा. ठेका मिनिटाला १४० ठोक्यांच्या आसपास. संगीत बहुधा घरच्या कॉम्प्युटरवर, बेडरूममध्ये बसून केलेलं. खरी मजा शब्दांची. दोघं समोरासमोर उभे राहतात आणि एकमेकांची यमकात यथेच्छ धुलाई करतात. आपल्याकडचे कलगी-तुऱ्याचे सामने आठवा, फक्त डफ-तुणतुण्याच्या जागी कॉम्प्युटर. २००४ साली 'लॉर्ड ऑफ द माइक्स' नावाच्या डीव्हीडीवर एका घराच्या तळघरात असा एक सामना झाला. एका बाजूला ग्राइमचा जनक मानला जाणारा वायली, दुसऱ्या बाजूला जेमतेम विशीला टेकलेला कानो. लोक अजून तो सामना काढून बघतात.

आणि ही पोरं ऐकू कुठे यायची? पायरेट रेडिओवर. इथे माझ्यातला इंजिनियर जागा होतो, माफ करा. टॉवर ब्लॉकच्या गच्चीवर चोरून अँटेना आणि ट्रान्समीटर लावायचा आणि स्टुडिओ ठेवायचा भलतीकडेच. दोघांमध्ये मायक्रोवेव्ह लिंक. सरकारी माणसं आली तर गच्चीवरचा डबा जप्त होतो, स्टुडिओ शाबूत! दुसरा डबा लावला की स्टेशन पुन्हा सुरू. कॉलेजात आम्हाला 'रिडंडन्सी' शिकवायला एवढं चांगलं उदाहरण कोणी दिलं नव्हतं.

२००५ मध्ये कानोचा पहिला अल्बम आला, 'होम स्वीट होम'. त्याच वर्षी लंडनच्या पोलिसांनी 'फॉर्म ६९६' आणला. हा कार्यक्रमांसाठीचा धोक्याचा अंदाज घेण्याचा फॉर्म. सुरुवातीला त्यात संगीत कुठल्या प्रकारचं आणि श्रोते कुठल्या वंशाचे हेही विचारलेलं असे. वांशिक रकाना पुढे काढला गेला, पण फॉर्म रद्द व्हायला २०१७ उजाडलं. ग्राइमवाल्यांची तक्रार होती की या कागदापायी त्यांचे कार्यक्रम पडतात. म्हणजे पोरगा काय गातो हे ऐकण्याआधी तो कोण आहे हे ठरलेलं.

आता गंमत बघा. अशा पोराला टीव्हीवर काम मिळालं ते कसलं? ड्रग विकणाऱ्या टोळीवाल्याचं! २०११ मध्ये चॅनल ४ वर 'टॉप बॉय' ही मालिका आली, हॅकनीमधल्या एका काल्पनिक वसाहतीची. कानो त्यात सली. स्टेजवर शब्दांचा धबधबा सोडणारा हा माणूस इथे बोलतच नाही. बघतो. थांबतो. दोन शब्द टाकतो आणि समोरच्याचं पाणी पाणी होतं. मला निळूभाऊ फुले आठवले. तेही लोकनाट्यातून आलेले, शब्दांचे राजे, आणि पडद्यावर मात्र आवाज न चढवता थरकाप उडवायचे. पण निळूभाऊंचा सरपंच नुसता दुष्ट नसायचा, त्याच्या मागे एक अख्खी व्यवस्था दिसायची. सलीचंही तसंच आहे. त्याच्या थकलेल्या डोळ्यांत हिशेब दिसतो: हे काम सोडलं तर जायचं कुठे?

२०१३ च्या दुसऱ्या सीझननंतर चॅनलने मालिका बंद केली. पुढे कॅनडाचा रॅपर ड्रेक तिच्या प्रेमात पडला, त्याच्या प्रयत्नाने २०१९ मध्ये ती नेटफ्लिक्सवर परत आली आणि २०२३ मध्ये संपली.

पण फक्त सली बघून थांबाल तर अर्धाच कानो हाती लागेल. २०१० नंतर साडेपाच वर्षं त्याने अल्बमच काढला नाही. एवढ्या काळात संगीताच्या बाजारात माणूस विसरला जातो. मग २०१६ मध्ये 'मेड इन द मॅनर' आला. त्यात टोळीयुद्ध शोधणाऱ्याची निराशाच होईल. त्यात लहानपणचं घर आहे, तुटलेली जिवलग मैत्री आहे, फारशी ओळखही नसलेली सावत्र बहीण आहे. मर्क्युरी पारितोषिकाच्या यादीत तो होता, पारितोषिक मिळालं स्केप्टाला, तोही ग्राइमवालाच.

२०१९ चा ऑगस्ट-सप्टेंबर तर मला फारच बोलका वाटतो. आधी 'हूडीज ऑल समर' हा अल्बम आला, ज्यात चाकूच्या हल्ल्यांत पोरं गमावणाऱ्या वस्तीचा शोक आहे. दोनच आठवड्यांनी नेटफ्लिक्सवर सली परतला, हिंसा घेऊन. एकाच माणसाची दोन कामं. एकात जगाने नेमून दिलेली भूमिका, दुसऱ्यात तिची किंमत कोण मोजतं त्याचा जमाखर्च. त्याच शरद ऋतूत तो रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये गायला. हो, तोच हॉल, जिथे १९७४ साली लताबाई गायल्या होत्या.

परदेशात राहणाऱ्या आपल्यालाही नेमून दिलेल्या भूमिका असतातच की. आपण म्हणजे कॉम्प्युटरवाले, गणितवाले, भांडण न करणारे. भूमिका सोयीची असल्याने आपण ती बिनबोभाट वठवतो. कानोच्या वाट्याला आलेली सोयीची नव्हती. ती नाकारून घरी बसणं किंवा तिच्यातच आयुष्यभर अडकणं, दोन्ही शक्य होतं. त्याने ती इतक्या बारकाईने केली की बघणाऱ्याला त्या भूमिकेमागचा माणूस दिसायला लागला, आणि उरलेलं सगळं गाण्यात सांगून ठेवलं.

'द किचन' नावाचा त्याचा सिनेमा जानेवारी २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. काळ पुढच्या वीसेक वर्षांनंतरचा, जागा लंडनमधली शेवटची उरलेली गरिबांची वसाहत. त्यात तो अंत्यसंस्काराच्या कंपनीत नोकरी करतो, स्वतःपुरतं चांगलं घर मिळवायच्या धडपडीत असतो, आणि आई गेलेलं एक पोर त्याच्या गळ्यात पडतं. घर घेऊन निघून जायचं की थांबायचं, एवढाच प्रश्न. आपल्यापैकी कोणाला तो परका वाटेल असं मला वाटत नाही.