बसणे

मराठीतले ‘बसणे’ हे क्रियापद मोठे कामसू आहे. अंगरखा अंगाला बसतो, निखळलेले हाड हाडवैद्य बसवतो, भाद्रपदात घरोघर गणपती बसतात, संसाराची घडी बसते, धंद्यात जम बसतो. पण ह्याच क्रियापदाची दुसरी बाजूही आहे. पावसाळ्यात भिंत बसते, ओरडून घसा बसतो, बातमी ऐकून माणूस मटकन खाली बसतो. वस्तू आपल्या जागी स्थिर झाली हे सांगायला आणि ती आपल्या जागेवरून खचली हे सांगायलाही आपण एकच शब्द योजतो. ऐकणाऱ्याने संदर्भाने अर्थ लावावा, अशी भाषेची अपेक्षा असते. अडचण येते ती ऐकणाराच जेव्हा कान देत नाही तेव्हा.

ह्या शब्दाकडे माझे लक्ष वेधले गेले ते जयपुरात, माझ्या भाचीच्या निमित्ताने. ती इथल्या एका जवाहिऱ्याकडे दागिन्यांचे आराखडे काढते. जयपूरचे कुंदनकाम म्हणजे बसवण्याचीच कला. शुद्ध सोन्याचा तलम पत्रा खड्याच्या कडेने दाबत दाबत खडा असा बसवायचा की तो तिथेच उगवला आहे असे वाटावे. ह्या कामात केसाएवढी फट दिसणारी नजर लागते, आणि ती तिच्यापाशी आहे. चौतिसाव्या वर्षी तिने स्तनवर्धनाची शस्त्रक्रिया करून घेतली. कारण मी विचारले नाही. निर्णय तिचा होता, पैसे तिच्या कमाईचे होते, आणि शरीर तर तिचेच होते. शहरातल्या एका खासगी रुग्णालयात छातीच्या मोठ्या स्नायूच्या आड कप्पे करून त्यांत सिलिकोनचे इम्प्लांट बसवण्यात आले.

चौथ्या आठवड्यात तिने पहिल्यांदा विचारले, “मावशी, हे नीट बसलेत ना?” दोन्ही बाजू गळपट्टीच्या हाडाकडे सरकल्यासारख्या उंच दिसत होत्या. तेव्हा डॉक्टरांनी दिलेले उत्तर बरोबर होते. नव्या दडपणाने स्नायू आखडलेला असतो, सूज असते, खालची त्वचा ताणाला सरावलेली नसते. म्हणून आरंभी इम्प्लांट उंच दिसतात. स्नायू सैलावला की ते हळूहळू खाली उतरतात आणि स्तनाखालच्या घडीशी टेकतात. ह्याला साधारणपणे तीन ते सहा महिने लागतात, आणि दोन्ही बाजू एकाच वेगाने उतरतील असे नाही. मुळात कुठल्याही स्त्रीच्या छातीचे दोन भाग तंतोतंत सारखे नसतात. जे जन्मतः असमान आहे ते शस्त्रक्रियेने काटेकोर समान होईल, अशी अपेक्षा धरू नये. हे सारे तिने समजून घेतले आणि वाट पाहिली.

पाचव्या महिन्यापर्यंत उजवी बाजू मऊ झाली, खाली उतरली. डावी मात्र होती तिथेच राहिली. उलट दिवसेंदिवस ती अधिक गोल, अधिक घट्ट होत चालली. तिने पुन्हा विचारले. ह्या वेळी उत्तरे मिळाली ती अशी : “फार आरशात पाहू नका.” “कपड्यांतून कुणाला दिसणार आहे?” “दागिन्यांचे काम करता ना, म्हणून तुम्हांला फरक दिसतो.” घरच्या वडीलधाऱ्यांचे म्हणणे तर एका वाक्यात आटोपले : “कुणी सांगितलं होतं?”

हौसेला मोल नाही, असे आपण कौतुकाने म्हणतो. पण हौसेपोटी आलेल्या दुखण्यालाही मोल नसते, हे त्या महिन्यांत मी पाहिले. कर्करोगामुळे स्तन गमावलेल्या स्त्रीने हीच तक्रार केली असती, तर निदान तिच्या दुःखाला घरात जागा मिळाली असती. जिने आपल्या इच्छेने शरीर बदलले तिने मात्र तक्रारीचा हक्कही त्याच टेबलावर ठेवून यावा, असा सगळ्यांचा अलिखित करार दिसला. आपलेच दात आणि आपलेच ओठ. ती बोलेनाशी झाली. डाव्या हाताने काही उचलताना छातीत ओढ बसते, कुशीवर झोपता येत नाही, हे तिने मला पुष्कळ उशिरा सांगितले. दिसण्याचा प्रश्न म्हणून ज्याची वासलात लावली गेली, तो प्रश्न एव्हाना दुखण्याचा झाला होता.

पुढे दुसऱ्या एका शल्यविशारद बाईंनी तिला तपासले. त्यांनी दोन्ही बाजू हाताने चाचपल्या, हात वर करायला, खाली घ्यायला, कमरेवर दाबायला सांगितले, आणि मग त्या गोष्टीला नाव दिले. शरीरात कुठलीही परकी वस्तू ठेवली, मग ती हृदयाचा पेसमेकर का असेना, शरीर तिच्याभोवती व्रणऊतींचे एक आवरण विणते. हा रोग नव्हे. परक्याला वेस घालून देण्याची ती शरीराची रीत आहे. बहुतेकींच्या बाबतीत हे आवरण पातळ आणि मऊ राहते. काहींच्या बाबतीत मात्र ते जाड होऊन आवळू लागते, इम्प्लांटला मुठीत धरल्यासारखे दाबते आणि वर ओढते. ह्या आकुंचनाच्या चार पायऱ्या मानतात. पहिलीत स्तन मऊ असतो, दुसरीत किंचित घट्ट लागतो, तिसरीत आकार बदललेला डोळ्यांना दिसतो, चौथीत वेदना असते. भाची तिसरी ओलांडून चौथीच्या उंबरठ्यावर होती. तिचा डोळा तिला फसवत नव्हता. कधी ह्याच्या उलटही घडते : कप्पा सैल पडून इम्प्लांट घडीच्या खाली घसरतो, काखेकडे सरकतो, किंवा दोन्ही मधोमध जवळ येतात, थेंबाच्या आकाराचा असेल तर जागच्या जागी फिरतो. आणि एका बाजूला एकाएकी सूज, लाली किंवा ताप आला, तर थांबायचेच नसते. वाट पाहणे कुठवर योग्य आणि कुठून पुढे धोक्याचे, हे सांगणारे कुणीतरी लागते. आणि त्यासाठी आधी ऐकणारे कुणीतरी लागते.

सिलिकोनच्या इम्प्लांटचा इतिहासही न ऐकण्यापासूनच सुरू होतो. १९६२ साली अमेरिकेत ह्यूस्टन येथे थॉमस क्रोनिन आणि फ्रँक जेरो ह्या डॉक्टरांनी ते पहिल्यांदा एका स्त्रीच्या छातीत बसवले. ती बाई रुग्णालयात आली होती अंगावरचे गोंदण काढून घ्यायला. स्तनांचे सुचवले डॉक्टरांनी. तिला स्वतःला खटकत होते ते तिचे पुढे आलेले कान. कानही ठीक करून देऊ, असे ठरल्यावर ती तयार झाली. पुढे लाखो स्त्रियांनी हे इम्प्लांट घेतले आणि अनेकींनी तक्रारी केल्या. १९९२ साली अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने सिलिकोनच्या इम्प्लांटवर निर्बंध घातले. २००६ साली ते उठवले. २०१० साली फ्रान्समधील एक कंपनी वैद्यकीय सिलिकोनऐवजी औद्योगिक वापराचे स्वस्त सिलिकोन भरत असल्याचे उघड झाले. २०२१ साली त्याच अमेरिकी प्रशासनाने ठरवले, की संभाव्य त्रासांची यादी स्त्रीपुढे एकेक करून ठेवल्याशिवाय हे इम्प्लांट बसवू नये. पहिल्या शस्त्रक्रियेपासून ह्या यादीपर्यंत यायला एकोणसाठ वर्षे लागली.

ज्या जयपुरात भाचीला “कुणाला दिसणार आहे” हे ऐकावे लागले, त्याच जयपुरात ह्याच्या अगदी उलट घडल्याचे उदाहरण आहे, आणि ते जगभर ह्या शहराच्या नावानेच ओळखले जाते. सवाई मानसिंग रुग्णालयात अस्थिशल्यविशारद डॉ. प्रमोद करण सेठी पाय गमावलेल्यांवर उपचार करीत. तेव्हाचे कृत्रिम पाय परदेशी धाटणीचे होते. ते निर्दोष बनवलेले असत, मापात असत. पण ते बसवून गेलेली माणसे काही दिवसांनी पुन्हा कुबड्यांवर दिसत. त्या पायावर बूट चढवावाच लागे आणि बूट घालून देवळात, स्वयंपाकघरात जाता येत नसे. चिखलात काम करता येत नसे. उकिडवे बसता येत नसे, मांडी घालता येत नसे. अडाणी रुग्णांना वापर कळत नाही, असे म्हणून हात झटकणे सोपे होते. सेठींनी तक्रार खरी मानली. रामचंद्र शर्मा नावाच्या, फारसे शाळेत न गेलेल्या परंतु हाताने पारंगत कारागिराला बरोबर घेऊन त्यांनी १९६८च्या सुमारास रबर आणि लाकडाचा असा पाय घडवला, जो अनवाणी चालतो, घोट्यात सगळीकडे वळतो, आणि ज्यावर माणूस खाली बसू शकतो. १९७५ साली स्थापन झालेल्या भगवान महावीर विकलांग सहायता समितीने तो पाय असंख्य गरिबांपर्यंत पोहोचवला. १९८१ साली सेठींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मला त्या पुरस्काराहून मोठी वाटते ती त्यामागची एक साधी वृत्ती : वस्तू बरोबर आहे की नाही, हे ती ज्याच्या शरीरावर आहे त्याला विचारायचे.

पाय ही गरज आणि स्तन ही हौस, असा भेद कुणी करील. तो करण्याचा अधिकार शस्त्रक्रियेआधी फार तर सल्ला देणाऱ्याला असेल. एकदा टाके पडल्यावर त्या शरीराला गरज आणि हौस ह्यांतला फरक कळत नाही. ते दोन्हींभोवती सारख्याच निष्ठेने आवरण विणते, आणि आवळले की सारखेच दुखते. व्रणाला हेतू विचारता येत नाही; मग व्रण वागवणारीला तो का विचारावा?

भाचीपुढे आता दोन वाटा आहेत. आवळलेले आवरण काढून, कप्पा नव्याने बांधून दुसरा इम्प्लांट बसवायचा. किंवा दोन्ही काढून टाकून पहिल्यासारखे राहायचे. पहिल्या वाटेवर आकुंचन पुन्हा होणारच नाही असे वचन त्या बाई देत नाहीत, आणि दुसऱ्या वाटेने गेल्यास त्वचा पूर्वीसारखी आवरेल असेही सांगत नाहीत. दोन्हींचे फायदेतोटे त्यांनी कागदावर लिहून दिले आहेत. तो कागद तिने आपल्या आराखड्यांच्या वहीत ठेवला आहे. अजून तिचा निर्णय झालेला नाही. घरातले कुणी विचारले की ती आता गप्प बसत नाही; डावी बाजू कुठे आहे, कुठे असायला हवी होती आणि का सरकली, हे ती शांतपणे, एखाद्या खड्याविषयी बोलावे तसे सांगते. ऐकणारा संकोचाने खाली पाहतो. ती मात्र आपले सांगणे पूर्ण करते.