प्ले आहे, बॉस!

तुमच्या-माझ्या ऑफिसात बॅकलॅश म्हणजे बॉसच्या मेलनंतर उडालेला भडका. माझ्या आतेभावाच्या डिक्शनरीत तो दोन दात्यांमधला केसाएवढा मोकळा गाळा. भोसरीतला जॉब सोडून आईवडिलांसाठी तो धाराशिव जिल्ह्यातल्या ईटला परतला. पडवीत छोटं सीएनसी मिलिंग मशीन, त्यावर रोटरी टेबल. शेतकऱ्यांच्या यंत्रांचे गिअर कापायचे, हा त्याचा स्टार्टअप! एक दाता चुकला की गिअर भंगारात आणि ऐन पेरणीत आलेलं गिऱ्हाईक कायमचं गेलं.

टेबलाच्या पोटात वर्म आणि वर्म व्हील. 90:1 चं टेबल असेल तर वर्मचे 90 फेरे, तेव्हा टेबलाचा एक. दिशा बदलली की वर्म आधी गाळा भरतो, टेबल मात्र ढिम्म! अंशाचा साठावा भाग चुकला तरी 100 मिमी त्रिज्येवर 0.03 मिमीचा फरक पडतो.

उपायाचा फंडा सिम्पल आहे. आधी वर्म बेअरिंगमध्ये पुढेमागे सरकत असेल तर तो प्ले काढा. मग एक्सेंट्रिक बुश किंचित फिरवून वर्म व्हीलला भिडवा. टेबल पूर्ण फेरा फिरवून बघा, कारण चाक अगदी गोल नसतं, एखाद्या जागी अडकतं. कोनावर नेहमी एकाच बाजूने या आणि दाता कापताना टेबल लॉक करा. सॉफ्टवेअर गाळ्याचा हिशेब जुळवतं, पण कटरच्या धक्क्याला टेबल धरून ठेवत नाही.

‘मग प्ले झीरोच कर ना,’ मी म्हटलं. तो हसला. ‘जाम होईल. तेलाला जागा नको?’

आईवडिलांसोबत एका छपराखाली राहणाऱ्यांनो, पटतंय ना?