गरम तेलाचा कोड

उजव्या कानाला बारीक आवाज येईनासे झाले, तेव्हापासून मी पी-०७४१ ला भ्यायला लागलो. बाकीच्या कोडांचं काही वाटत नाही. पी-०७४३ आला तर मल्टिमीटर लावायचा. सोलेनॉइडची कॉइल गेलेली असते, नाहीतर वायर. पी-०७०० तर नुसता निरोप्या. गिअरबॉक्सच्या कॉम्प्युटरने काहीतरी लिहून ठेवलंय, त्याला जाऊन विचारा, एवढंच सांगतो. तरी आमच्या उद्यमनगरात निव्वळ त्या ०७०० वर गिऱ्हाइकाच्या हातात अख्ख्या पेटीचं एस्टिमेट ठेवणारे आहेत. त्यांचा स्कॅनर इंजिनाच्या पुढे वाचतच नाही.

०७४१ म्हणजे टॉर्क कन्व्हर्टरचा लॉकअप, इंजिन आणि पेटी घट्ट जोडणारा क्लच, मागितला, पण बसला नाही. इंजिन २००० फेरे फिरतंय आणि टर्बाईन १८५० वरच रेंगाळतंय, असं काही वेळ दिसत राहिलं की कॉम्प्युटर कोड टाकून मोकळा होतो. घसरण त्याने पाहिली. कुणामुळे, ते त्याला दिसत नाही. आणि दिवा लावतो तोही पेटीच्या काळजीने नव्हे. अमेरिकेत १९९६ पासून ओबीडी-दोन सक्तीचं झालं ते धुरासाठी. लॉकअप नाही म्हणजे पेट्रोल जास्त, म्हणून धूर जास्त. पेटी जळाली तर ते तुमचं तुम्ही बघा.

थंड गाडीत हा कोड सहसा सापडत नाही. सकाळी तेल जाड असतं, व्हॉल्व्हच्या झिजलेल्या बोअरमधूनही दाब टिकतो. साखरप्याकडून आंबा घाट चढून मलकापूरच्या रस्त्याला लागलात, तेल शंभर डिग्रीच्या आसपास गेलं, की तेच तेल पातळ होऊन व्हॉल्व्हच्या कडेनं निसटतं. गिऱ्हाईक सांगतं, "घाटानंतर लाइट लागते." गॅरेजात येईस्तोवर गाडी गार झालेली असते आणि वाटेत कुणीतरी शहाण्याने कोड पुसलेला असतो. कोडाबरोबर फ्रीझ फ्रेमही जाते. त्या क्षणी इंजिन किती तापलं होतं, वेग किती होता, पाय किती दाबलेला होता, सगळं गेलं. मोबाइलला जोडायचं स्वस्त खेळणं आल्यापासून पुसणाऱ्यांचं पीक आलंय.

अशा गाडीला मी पूर्वी निदानाआधी स्कॅनर लावायचोच नाही. गिऱ्हाइकाला शेजारी बसवून बायपासला न्यायचं, साठच्या वेगाला पाय हलका ठेवायचा आणि ऐकायचं. लॉकअपचं लायनिंग गेलं असेल तर सीटखाली थरथर येते. नुसता दाब गळत असेल तर थरथर कमी, इंजिनाचा सूर मात्र उगाच चढतो. मी निदान सांगायचो, मग गॅरेजात येऊन स्कॅनर लावायचो, तेही गिऱ्हाइकाला आकडे दिसतील असा तिरका धरून. गरज नसायची. त्याच्या चेहऱ्यासाठी करायचो.

आता तो सूर कानावर येत नाही. थरथर बुडाला कळते, पण ती रस्त्याची की पेटीची, यात घोळ होतो. आयटीआय करून आमच्या गॅरेजात आलेली पोरगी म्हणाली, "मामा, कान कशाला लावताय? तेलाचं टेम्परेचर आन् स्लिप एकाच ग्राफवर लावूया की." लावलं. तेल तापेल तशी स्लिप चढताना सरळ दिसली. "मला हेच वाटत होतं," मी म्हणालो. वाटत नव्हतं.

पण ग्राफनेही माझी खरी अडचण सुटत नाही. गळतीमुळे लॉकअप अर्ध्या दाबाने बसतो, अर्धवट बसला की लायनिंग घासून जळतं, जळालेल्या लायनिंगची पूड तेलातून फिरत व्हॉल्व्ह बॉडीत शिरते आणि ॲल्युमिनियमचं बोअर आणखी खाते. उघडाल तेव्हा दोन्ही खराब. आधी कोण गेलं, ते कुठलाच आकडा सांगत नाही. आणि ते कळायलाच हवं, कारण झिजलेल्या बोअरसमोर नवा कन्व्हर्टर बसवला की तोही जळतो. लोक म्हणतात, नवा पार्ट डुप्लिकेट निघाला. बोअरला व्हॅक्यूम लावून बघायचे कष्ट कितीजण घेतात? काट्यावर व्हॅक्यूम टिकला नाही, तर बोअर रीम करून जाड व्हॉल्व्ह बसवावा लागतो. उद्यमनगरात लेथवर जन्म गेलेली माणसं आहेत, पण एवढ्याशा भोकासाठी मशीन अडकवायला कुणी राजी नसतं. त्यात 'लाइफटाइम ऑइल, बदलायची गरज नाही' हे कुणी पसरवलं कोण जाणे. लाइफ कुणाचं?

सध्या रॅम्पवर अशीच एक सहा गिअरची गाडी आहे. तेल काळं, करपट वासाचं. या गाडीत व्हॉल्व्ह बॉडी खालून चेंबर काढून निघते, कन्व्हर्टरसाठी मात्र पेटी उतरवावी लागते. पोरीचं म्हणणं, आधी व्हॅक्यूम लावू, बोअर नीट करू, गाडी घाटात नेऊ आणि मग ठरवू. मी म्हणतो, वास बघ, लायनिंग कधीच गेलंय; दोनदा मजुरी घेण्यापेक्षा पेटी आत्ताच उतरव. गिऱ्हाइकाने दोघांचं ऐकून घेतलं आणि खर्च विचारला. आम्ही एकाच वेळी बोललो आणि दोन वेगळे आकडे सांगितले.