बाप्पांच्या गावचा हिशेब

गणपती आणायला तुम्ही आईबाबांबरोबर जाताच. पाटावर रुमालाने झाकलेली मूर्ती, पुढे झांजा आणि मागे 'मोरया' ओरडणारे तुम्ही! पण ज्या दुकानातून मूर्ती आणली, त्या दुकानात ती कुठून आली, हे कधी विचारलंय का? यंदा विचारून बघा. मुंबई, ठाणे, पुण्याकडच्या पुष्कळ दुकानांत एकच उत्तर मिळेल, "पेणची आहे."

तर आज माझ्याबरोबर पेणला चला. मी प्राथमिक शाळेत शिकवते. डिसेंबर २०२५मध्ये आमच्या चौथीच्या मुलांना घेऊन मी तिथे गेले होते. "बाई, डिसेंबरात कुठे असतात गणपती?" असं मुलांनी आधीच विचारून घेतलं. आपण अनंत चतुर्दशी झाली की गणपती विसरतो. पेणमध्ये मात्र पुढच्या वर्षीचे गणपती तेव्हाच सुरू होतात.

पेण हे रायगड जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. भोगावती नदीच्या काठी, मुंबई-गोवा महामार्गावर वसलेलं. पनवेलहून एस.टी. मिळते, आणि आगगाडीने जायचं तर पनवेल-रोहा मार्गावर पेण स्टेशन लागतं. (महामार्गाच्या रखडलेल्या कामाबद्दल आमचे बसचे ड्रायव्हरकाका वाटेत जे बोलले, ते मुलांच्या अंकात छापण्यासारखं नाही!) पेणच्या अलीकडे हमरापूर, जोहे, कळवे, तांबडशेत ही गावं आहेत. तिथे रस्त्याच्या कडेच्या पत्र्याच्या शेडमध्ये, घरांच्या पडवीत, जिकडे बघावं तिकडे गणपतीच गणपती. सगळे पांढरे, रंग न लावलेले.

"बाई, ह्या गणपतींना डोळेच नाहीत!" आमची एक छोटी घाबरून म्हणाली.

कारखान्याचे मालक हसले. म्हणाले, "डोळे सगळ्यात शेवटी, बाळ. आणि ते काम सगळ्यांना येत नाही."

मग त्यांनी आम्हांला एकेक काम दाखवलं. शाडूची माती गुजरातमधून येते. ती भिजवायची, मळायची, साच्यात दाबून भरायची. साच्यातून मूर्ती निघाली की हात, सोंड, कान जोडायचे, सांधे पुसायचे, ओल्या ब्रशने गुळगुळीत करायचं. मग सावलीत वाळवायची. उन्हात ठेवली तर वरची माती भरभर सुकून आकसते, आतली ओलीच राहते, आणि मूर्तीला तडा जातो. वाळल्यावर घासकाम, मग पांढरा हात, मग अंगाचा रंग, पीतांबर, दागिने. सर्वांत शेवटी डोळ्यांची आखणी. आखणी करणारा कारागीर बारीक ब्रश घेऊन बसला, की बाकीच्यांनी त्याला हाकसुद्धा मारायची नाही, असा तिथला रिवाजच आहे. आमची चाळीस मुलं तिथे दोन मिनिटं गप्प उभी राहिली. माझ्या वर्गात हे मला कधी जमलेलं नाही!

एक गोष्ट तुमच्या लक्षात आली का? एकच माणूस अख्खी मूर्ती करत नाही. माती भरणारा वेगळा, घासणारी वेगळी, रंग मारणारा वेगळा. ज्याचा हात ज्या कामात बसलाय, त्याने तेच करायचं. त्यामुळे काम भरभर होतं. पण एक आखणीवाला आजारी पडला, तर दोनशे मूर्ती डोळ्यांविना अडून राहतात. म्हणून मालक दरवर्षी दोन नव्या मुलांना आखणी शिकवतात. "शिकून ती दुसरीकडे गेली तर?" मी विचारलं. "जातात की! मीसुद्धा असाच दुसऱ्याकडून शिकून आलो," ते म्हणाले.

आता थोडं गणित, बरं का! पळू नका. हे मालकांनीच खडूने फळीवर लिहून दाखवलं.

समजा, एका मूर्तीला माती, रंग, मजुरी धरून ३०० रुपये खर्च आला, आणि ती ४०० रुपयांना विकली. म्हणजे मूर्तीमागे १०० रुपये नफा. आता १०० मूर्ती केल्या. नफा किती? आमची मुलं एका सुरात ओरडली, "दहा हजार!"

"चूक," मालक म्हणाले. "शंभरच्या शंभर कोण घेतो?"

नव्वद खपल्या तर हातात आले ३६,००० रुपये. खर्च ३०,०००. राहिले ६,०००. पण ते ३०,००० तर कर्जाचे होते! वर्षाला शेकडा १२ दराने नऊ महिन्यांचं व्याज झालं २,७००. उरले ३,३००. पंच्याहत्तरच खपल्या, तर मुद्दल सुटलं, पण व्याज खिशातून. आणि उरलेल्या मूर्ती? त्या वर्षभर जागा अडवून बसतात. ह्या धंद्यात पैसे वर्षभर जात राहतात आणि येतात मात्र गणपतीच्या आधीच्या थोड्याशा दिवसांत. मजुरी तर दर आठवड्याला द्यावी लागते.

ह्यावर तिथल्या लोकांनी काय युक्त्या काढल्यात, ते ऐका. काही जण रंग न देता पांढऱ्याच, म्हणजे कच्च्या मूर्ती विकतात. भाव कमी मिळतो, पण पैसे लवकर हातात येतात. परगावचे व्यापारी त्या नेऊन आपापल्या गावी रंगवतात. काही जण मंडळांकडून आधी इसार घेतल्याशिवाय मोठ्या मूर्तीला हातच लावत नाहीत. "वर्गणी जमली की देतो" म्हणणारी मंडळं विसर्जनानंतर सापडत नाहीत, असा त्यांचा अनुभव आहे. परदेशी जाणाऱ्या मूर्ती तर बोटीने जायच्या असतात, त्या काही महिने आधीच तयार लागतात.

तारखेचंही एक गंमतशीर त्रांगडं आहे. २०२३ साली गणेश चतुर्थी १९ सप्टेंबरला होती, २०२५ साली २७ ऑगस्टला. म्हणजे तेवीस दिवस आधी! त्या वर्षी कामाचे दिवस कमी मिळाले. २०२६मध्ये अधिक ज्येष्ठ महिना असल्याने चतुर्थी १४ सप्टेंबरला. आपण अधिक महिन्यात अनारसे खातो. पेणकर मूर्ती वाळवतात.

एका काकूंच्या पडवीतही आम्ही गेलो. त्या पूर्वी दुसऱ्याच्या कारखान्यात रोजावर घासकाम करायच्या. रिकाम्या वेळात बघून बघून रंगकाम शिकल्या. मग एका वर्षी चाळीस कच्च्या मूर्ती उधारीवर आणल्या, पडवीत बसून रंगवल्या आणि ओळखीतल्या घरांतून विकल्या. पुढच्या वर्षी लोक आपणहून आले. तुम्हांला वाटेल, लगेच चारशे केल्या असतील. नाही! साठ केल्या.

"का हो काकू?" मुलांनी विचारलं.

"अरे, छप्पर केवढं माझं? जुलैत आडवा पाऊस आला की साठ मूर्ती आत ओढता येतात. चारशे कुठे ओढू?"

नंतर त्यांनी बचत गटाचं कर्ज घेऊन शेजारची जागा भाड्याने घेतली, पत्रे घातले आणि मगच मूर्ती वाढवल्या. मला हे फार पटलं. आमच्या पाठ्यपुस्तकात 'मोठी स्वप्ने पाहा' असं असतं, छपराबद्दल कुणी लिहीत नाही. पावसाचं म्हणाल, तर २६ जुलै २००५ला रायगड जिल्ह्यात जो पाऊस कोसळला, त्याची आठवण पहिल्या कारखान्याचे मालकही काढत होते. तेव्हापासून त्यांच्याकडे खालच्या फळीवर एकही मूर्ती ठेवत नाहीत. तिथे नुसते साचे.

आता सर्वांत अवघड गोष्ट. शेडच्या दुसऱ्या बाजूला वेगळ्याच मूर्ती होत्या. हलक्या आणि जरा उंच. त्या प्लास्टर ऑफ पॅरिसच्या. हे प्लास्टर जिप्सम नावाचा दगड भाजून करतात. पाणी घातलं की थोड्या वेळात घट्ट होतं. वाळायची फारशी वाट बघायला नको, तडे नाहीत, प्रवासात मोडत नाही, स्वस्तही पडतं. पण शाडू जसा पाण्यात विरघळून गाळ होतो, तसं हे होत नाही. विसर्जनानंतर समुद्रकिनाऱ्यावर मोडके हात, सोंडा पडलेल्या तुम्ही पाहिल्या असतील.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२०च्या मे महिन्यात प्लास्टरच्या मूर्ती नकोत, असे नियम केले. त्याच वर्षी करोनामुळे सरकारने सार्वजनिक मूर्ती चार फुटांपर्यंत आणि घरगुती दोन फुटांपर्यंतच ठेवायला सांगितलं. तोवर जुलै उजाडला होता. ज्यांनी फक्त उंच मूर्ती केल्या होत्या, त्यांच्या त्या तशाच राहिल्या. पुढे प्लास्टरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात गेला. जून २०२५मध्ये न्यायालयाने मूर्ती करायला आणि विकायला मोकळीक दिली, पण नदी-समुद्रात विसर्जन नको, असंही सांगितलं. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्ती कृत्रिम तलावातच विसर्जित करायचं ठरलं.

"मग प्लास्टर बंदच करा ना, काका!" आमचा एक मुलगा मोठ्याने म्हणाला. पर्यावरणाच्या निबंधात पहिला आलेला तो!

मालक रागावले नाहीत. म्हणाले, "तू म्हणतोस ते खरं आहे. पण माझ्याकडे अठरा माणसं आहेत. शाडूची मूर्ती वाळायला जागा दुप्पट लागते, पावसाळ्यात पंखे लावावे लागतात, तयार झालेल्यातल्या काही तडकतात. किंमत वाढते. तुझे बाबा जास्त पैसे देऊन लहान मूर्ती घेतील का?"

मुलगा गप्प. मग म्हणाला, "मी विचारतो."

मालकांनी २०२५मध्ये अर्ध्या मूर्ती शाडूच्या केल्या होत्या. कोर्टाचा निकाल येईपर्यंत, म्हणजे जूनपर्यंत, प्लास्टरच्या अर्ध्या मूर्तींचं काय होणार ते ठाऊक नव्हतं आणि बँकेचा हप्ता तर चालूच. २०२६साठी शाडूचं प्रमाण आणखी वाढवायचं त्यांनी ठरवलं होतं. प्लास्टरचे साचे मात्र टाकले नव्हते. त्यांना ह्याबद्दल दोष द्यावा, असं मला वाटलं नाही.

परतताना आम्ही पेणच्या बाजारात थांबलो. इथले पोहे आणि तांदळाचे पापड प्रसिद्ध आहेत. पापडांचं काम बहुतेक बायकांच्या हातात. त्यांचं गणित गणपतीवाल्यांच्या उलट : पापड उन्हाळ्यात लाटून वाळवायचे आणि वर्षभर विकत राहायचे. आमच्या मुलांनी खाऊच्या पैशांतून पाकिटं घेतली आणि एकाने तर बसमध्येच दुप्पट भावाने विकायला काढली!

सोमवारी शाळेत निबंधात पहिला आलेला मुलगा पळतच आला. "बाई, बाबांना विचारलं. ते म्हणाले, शाडूची घेऊ, पण गेल्या वर्षीएवढीच मोठी पाहिजे."

"मग तू काय म्हणालास?"

"मी त्यांना फळीवरचं गणित दाखवलं. अजून भांडण चालू आहे."