हरळीची वहिवाट

नवे घर बांधून झाले, की मालकाला समोरच्या उघड्या जमिनीची लाज वाटू लागते. फाटकापासून ओट्यापर्यंत हिरवळ असावी ही हौस आता बेळगावातल्या मध्यम स्थितीच्या घरांपर्यंत पोचली आहे. खरेदीखत तपासून घ्यायला आलेले अशील जाता जाता हिरवळीचाही सल्ला विचारतात. तो मी विनामूल्य देतो, आणि बहुधा म्हणूनच तो कोणी पाळत नाही.

रोपवाटिकेतून गालिच्यासारखे गुंडाळून जे गवत आणले जाते, ते पुष्कळदा आपली हरळीच असते. गणपतीला वाहतो ती दूर्वाही हीच. माझ्या वडिलांचा सारा जन्म मात्र तिला शेतातून हद्दपार करण्यात गेला. नांगरामागून तिच्या काशा वेचायच्या नि बांधावर उन्हात टाकायच्या. एखादे पेर ओलीत राहिले तरी ती पुन्हा उभी! मी पैसे मोजून तीच लावतो आहे हे पाहून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "हिला मारायला आम्हांला जन्म पुरला नाही, आणि तुला ती जगवायला शास्त्र हवे?"

शास्त्र थोडे लागतेच, आणि ते त्यांच्याच वैरातून मला मिळाले. हरळीने भरलेल्या तुकड्यात ते दाट ताग पेरीत. सावलीत तिचा जोर ओसरे. तेव्हा आंब्याखाली हिरवळीचा हट्ट धरू नये. तिला दिवसातून सहा-सात तास ऊन हवे.

जमीन आधी वीतभर खणावी. आमच्या कंत्राटदाराने विटांचे तुकडे नि वाळलेला चुना अंगणातच गाडून वर तांबड्या मातीचा पातळ थर पसरला होता. असला राडा निघाल्यावाचून मुळे खाली उतरत नाहीत. मग चांगले कुजलेले शेणखत मिसळावे (कच्च्या शेणाबरोबर तणाचे बी येते), घराकडून रस्त्याकडे किंचित उतार द्यावा, आणि मृगाचा पाऊस स्थिरावला म्हणजे दोन-तीन पेरांचे तुकडे चार-चार बोटांवर लावावे. लव्हाळा त्यापूर्वीच गाठींसकट खणून काढावा. नुसती पात उपटणे म्हणजे मूळ दावा तसाच ठेवून तारीख वाढवून घेणे होय.

कापणीत लोक फार घाई करतात. गवत कापण्याचे यंत्र इंग्लंडात एडविन बडिंग याने 1830 साली काढले, ते कापडावरची लव कातरणाऱ्या गिरणीतल्या यंत्रावरून. लव कातरावी तेवढेच कापावे, हजामत करू नये. एका वेळी उंचीच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक घेऊ नये, आणि पाते धारदार असावे.

पाण्याविषयी मात्र मी हट्टी आहे. रोज शिंपडले तर मुळे वरच राहतात. चार-पाच दिवसांनी सकाळी, माती खोल भिजेल असे द्यावे. आणि एप्रिल-मे महिन्यांत मुळीच देऊ नये. बेळगावचे पाणी राकसकोप आणि हिडकल या जलाशयांतून येते. उन्हाळ्यात आमच्या गल्लीत नळाची वाट पाहत घागरींची रांग लागते. त्या रांगेसमोर गवतावर नळी धरणारा मनुष्य मला कोणत्याही प्रतिवादीपेक्षा अधिक निर्लज्ज वाटतो. हिरवळ पिवळी पडते, पडू द्यावी. जमिनीखाली काशा जिवंत असतात. वळवाच्या एका सरीने रंग बदलतो.

फाटकाजवळचा एक कोपरा मी कधीच कापीत नाही. यंत्राखाली गेलेल्या हरळीला कोवळी त्रिदल टोके उरत नाहीत, आणि गल्लीतल्या बायका सकाळी तबक घेऊन दूर्वा खुडायला येतात. औषधही तिथे मारीत नाही. त्या विचारून येत नाहीत. पहिल्या चतुर्थीपासूनच आल्या, त्याला आता नऊ वर्षे झाली. सुखाधिकाराच्या कायद्याप्रमाणे वीस वर्षांच्या अखंड, निर्वेध वहिवाटीने हक्क उत्पन्न होतो. मालकाने परवानगी दिली, की तो होत नाही. माझ्या व्यवसायबंधूंचा आग्रह आहे, की मी वेळीच लेखी परवानगी देऊन ठेवावी. मी अजून ती दिलेली नाही.