संशोधनाचे दोन महिने अन् घरचा हिशेब

डॉक्टरकी म्हणजे इंजेक्शन, गोळ्या आणि दवाखान्याची पाटी, एवढेच आपल्या वस्तीत ठाऊक असते. त्यामुळे एम.बी.बी.एस. शिकणाऱ्या माझ्या पुतणीने सुट्टीचे दोन महिने मानसोपचार विभागात संशोधन करायचे ठरविले, तेव्हा घरात गोंधळच उडाला.

"भाऊजी, तिले समजावा जरा," वहिनी म्हणाल्या. "पागलायच्या दवाखान्यात बसन, तं उद्या सोयरिक कशी जुळन?"

दादांचा प्रश्न वेगळा होता. ते जिनिंगमध्ये रोजंदारीवर. "पैसे कधी भेटतीन?" एवढेच त्यांनी विचारले. मी कारकून माणूस; मला हाच प्रश्न खरा वाटला.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची 'शॉर्ट टर्म स्टुडंटशिप' ही योजना १९७९ साली सुरू झालेली. विद्यार्थ्याने आपल्याच कॉलेजातला मार्गदर्शक प्राध्यापक शोधायचा, विषय मांडायचा, नैतिकता समितीची परवानगी घ्यायची, दोन महिने काम करून अहवाल पाठवायचा. अहवाल मंजूर झाला की मानधन. म्हणजे तोवरचे झेरॉक्स, एस.टी.चे भाडे, मेसचा डबा, सगळे घरचेच! प्राध्यापकांच्या घरच्या मुलांना हे जड जात नाही. आपल्या मुलांना जाते, आणि पुष्कळांना तर ही योजना असते हेच कळत नाही. पुढे एम.डी.ला प्रबंध लिहावाच लागतो. निवासी डॉक्टरांना चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा संशोधन पद्धतीचा पाठ्यक्रम संगणकावरून करता येतो, तोही इंग्रजीत.

पुतणीने मला प्रश्नावली दाखविली. नऊ प्रश्न, मागच्या दोन आठवड्यांबद्दलचे, प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. त्यावरून नैराश्य ओळखतात. मी म्हटले, आपल्या आजीला 'निराश वाटते का' विचारशील तर ती म्हणेल, "नाही बा." पण 'जीव लागत नाही काय' विचारले की तासभर बोलेल. पुतणी हसली. म्हणाली, काका, शब्द मनाने बदलता येत नाहीत. भाषांतर करायचे, दुसऱ्याने ते न पाहता परत इंग्रजीत न्यायचे, मग दोन्ही ताडून पाहायचे. पण हे काम करायला वऱ्हाडी कानाचा माणूस लागतो, हे तिलाही पटले.

आणि असे काम इथे झालेले आहे. अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत 'विश्राम' नावाचा उपक्रम झाला. गावातल्याच कार्यकर्त्यांना शिकवून त्यांच्याकरवी मानसिक आजाराच्या माणसांना आधार द्यायचा, अशी त्याची रीत. नैराश्य असलेल्यांपैकी उपचारापर्यंत पोहोचणारे आधी शंभरात चार होते. दीड वर्षाने सत्तावीस झाले. डॉ. राहुल शिधये आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१७ साली हे 'लॅन्सेट सायकियाट्री'त छापले. शेतकरी आत्महत्यांवर भाषणे आपण किती ऐकली! हा आकडा मात्र एकाही सभेत ऐकला नाही.

बंगळुरूच्या निम्हान्सने २०१५-१६ साली राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केले. बारा राज्ये घेतली, त्यांत महाराष्ट्र नव्हता. अकोल्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय २००२ पासून आहे, अमरावतीला पंजाबराव देशमुखांच्या नावाचे १९८४ पासून, आणि २०२४ पासून सरकारीही. इथे शिकणाऱ्या मुलांनी आपली माणसे मोजायची नाहीत, तर कोणी मोजायची?

सोयरिकीचे वहिनींना मी काही समजावू शकलो नाही. ते पुतणीनेच केले, कसे ते तिने सांगितले नाही. पैशाचे आम्ही पाहिले. जयंतीच्या वर्गणीतून उरलेली रक्कम तिला उसनी दिली, मानधन आले की परत करायच्या बोलीवर. (डी.जे.वाला यंदा एक रात्र कमी वाजला, एवढेच.) ती वही माझ्याकडे आहे. ज्यांची मुले-मुली वैद्यकीयला आहेत त्यांनी रविवारी विहारात भेटावे. अर्जाची मुदत थोडी असते, आणि मार्गदर्शक त्याआधीच गाठावा लागतो.